घड्याळाला आलेला घाम

घड्याळजीच्या दुकानात दुपारचे बारा एकदम वाजत नसत. आधी भिंतीवरचं थोरलं घड्याळ संथपणे, घरातल्या कर्त्यासारखं ठोके द्यायचं. मग त्याच्यामागून धाकटी, शाळेला उशीर झालेल्या भावंडांसारखी, एकमेकांना ढकलत. घड्याळजी म्हणायचा, "वाजू द्या, घाई काय आहे? वेळ आपल्याच घरी राहायला आहे."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा, पुढे शटर आणि शटरपासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार. तो उतार त्याच्या चाकांच्या खुर्चीसाठी बायकोनं हट्ट करून घालून घेतला होता. काही वर्षांमागे एका कचेरीचं उंचावरचं घड्याळ लावताना शिडी सरकली, तो पाठीवर पडला आणि कण्याच्या आतली दोरी दुखावली ती दुखावलीच. तेव्हापासून कमरेखालचा मुलूख त्याचा असून त्याचा नव्हता. तिथं मुंगी चावली तरी वर खबर येत नसे. कधी पाय आपणहून थरथरू लागले की तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "घाबरू नका. आमच्या खालच्या मजल्यावरचे भाडेकरू नाचतायत. भाडं देत नाहीत, पण हौशी आहेत."

दु:ख त्यानं असं हसून हसून गुळगुळीत केलं होतं. एकाच गोष्टीवर त्याला हसता येत नसे. पहिल्या वर्षी बसल्या जागी कातडी दाबून दाबून लाल झाली होती. कळ येणार कशी? खालून खबरच नाही. लाली फुटली, जखम झाली, आणि अख्खा हिवाळा तो पालथा पडून होता. दुकानाचं शटर खाली. फरशीच्या फटीतून मुंग्या ये-जा करायच्या, तेवढंच त्याचं जग. घरातली घड्याळं एकेक करून थांबली, कारण चावी देणारा तोच एक. त्या शांततेची त्याला अजून भीती वाटायची.

म्हणूनच आरोग्य केंद्राच्या व्यायामबाई आल्या की तो सावध व्हायचा. बाई ठेंगण्या, चालणं लगबगीचं, आणि तोंडात एकच वाक्य, "चला, अजून दम आहे!"

"तुम्ही दिवसभर करता काय?" त्या विचारायच्या.

"काम."

"म्हणजे बोटं हलतात. बोटांच्या वर काही आहे की नाही? पाय चालत नाहीत म्हणून काळजाला रजा मिळत नाही हो. त्याला धावायला लागतं. रबर ओढा, खुर्ची स्वतः ढकला, उतार चढा. आणि थोड्या थोड्या वेळानं दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचला. तिथं रक्त फिरू द्या."

"उचलतो की."

"केव्हा?"

घड्याळजी छताकडे बघायचा. खरं असं होतं, की डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग, आणि श्वाससुद्धा जपून सोडायचा, अशा वेळी बूड उचलायचं कुणाला सुचतं? स्प्रिंग उडाली तर ती थेट देवाघरीच सापडणार.

शेवटी व्यायामबाईंनी पिशवीतून एक काळा पट्टा काढून त्याच्या मनगटाला बांधला. "हा तुमचा हात किती हलतो ते मोजतो. आठवड्याच्या आठवड्याला मी येऊन बघणार." मग दुसरा पट्टा काढला आणि पडद्याआडून कान लावून बसलेल्या त्याच्या सासूबाईंना हाक मारली. "आणि हा तुम्हाला. गुडघे धरून बसता ना दिवसभर? रोज गल्लीच्या टोकापर्यंत चाला."

"मला कशाला बाई?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय पडले का शिडीवरून?"

घड्याळजीची बायको बस चालवायची. खाकी कपड्यांत, केस घट्ट बांधून, दारात उभी राहून ती सगळं ऐकत होती. तिनं निकाल दिला, तिच्या पद्धतीनं, एका दमात. "ऐक. पट्टा खूश तर दुकान उघडं. पट्टा नाराज तर मी शटर ओढणार आणि चावी माझ्या खिशात. मला तुझा तो हिवाळा परत बघायचा नाही." एवढं बोलून ती डेपोत गेली.

घड्याळजीनं दोन दिवस प्रामाणिकपणे रबर ओढलं. तिसऱ्या दिवशी खांदे कुरकुरले, गिऱ्हाइकं खोळंबली, आणि त्याची नजर थोरल्या घड्याळावर गेली. काचेच्या आत पितळी लंबक डुलत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. ना थकवा, ना तक्रार. 'हा बिचारा जन्मभर हलतोय,' घड्याळजीच्या मनात आलं, 'आणि कुणी त्याला शाबासकी दिली नाही.'

त्यानं काच उघडली, पट्टा मनगटावरून सोडला आणि लंबकाच्या दांडीला, गोळ्याच्या जरा वर, नीट बांधला. लंबकानं एकदा अडखळून त्याच्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा डुलायला लागला.

वर वजन चढलं की लंबक चपळ होतो, घड्याळ पुढे पळतं. हे त्याला ठाऊक होतं. कसबी माणूस तो! त्यानं लंबकाच्या तळाचा नट फिरवून गोळा किंचित खाली उतरवला आणि वेळ पुन्हा ठाकठीक केली. चोरीसुद्धा त्याला नीटनेटकीच करता यायची.

आठवडा झाला. बाई यायच्या आधी पट्टा मनगटावर परत आला होता. व्यायामबाईंनी पट्टा आपल्या यंत्राला जोडला, आकडे पाहिले आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. "वा! केंद्रात तुमच्याइतका हलणारा माणूस नाही."

"जमेल तेवढं करतो," घड्याळजी नम्रपणे म्हणाला.

बायकोनं त्या संध्याकाळी त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. "बघ, मनावर घेतलं की होतं." घड्याळजीला जरा टोचलं, पण ते कमरेच्या वर टोचलं होतं, म्हणून कळलं. आणि गंमत अशी की हळूहळू त्याचा स्वतःचाही त्या पट्ट्यावर विश्वास बसायला लागला. सगळे म्हणतात तब्येत उत्तम, तर असेल बुवा उत्तम. पलंगापाशी लांब दांड्याचा आरसा टांगलेला होता. रोज सकाळी तो धरून बसायची जागा तपासायची, हा त्या हिवाळ्यापासूनचा नेम. तो आता एक दिवसाआड झाला, मग चार दिवसांनी, मग आरशावर धूळ बसली.

सासूबाई मात्र झाडू मारता मारता गुणगुणायच्या. त्यांना जोड्या जुळवायचा नाद होता. भांडी घासतानासुद्धा ओळीला ओळ लागायची.

"टिकटिक करी भिंत, लंबक डुले बाई,
हात जागचा हलेना, घाम घड्याळाला येई."

"काय म्हणालात आई?" घड्याळजी दचकून विचारायचा.

"कुठं काय? जुनं गाणं आहे. तुम्ही काम करा, जावईबापू."

असे काही आठवडे सुखात गेले. आणि मग दातांच्या डॉक्टरांचं घड्याळ पुढे जायला लागलं.

ते उभं, उंच, शिसवी पेटीतलं घड्याळ. डॉक्टरांनी दुरुस्तीला ठेवलेलं. घड्याळजीनं ते साफ केलं, तेल दिलं, थोरल्याच्या चालीशी चाल जुळवली, आणि तरी ते रोज थोडं पुढेच. त्यानं काटे पुन्हा लावले. पुन्हा पुढे. कसबाचा अपमान होता तो. एके सकाळी त्यानं खुर्ची त्याच्यापाशी नेली, पेटीचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि पाहतच राहिला.

"आई," त्यानं हाक मारली, "जरा इकडे येता?"

"आले आले. चहा हवाय?"

"चहा नको. हे काय आहे?"

सासूबाईंनी पेटीत डोकावलं. लंबकाच्या दांडीला लाल रिबिनीनं बांधलेला दुसरा काळा पट्टा मजेत झोके घेत होता.

"अगंबाई! माझा पट्टा! सकाळपासून शोधतेय मेला."

"गाठसुद्धा तुमचीच आहे आई. पोत्याच्या तोंडाला मारतात तशी."

सासूबाईंनी पदर सावरला, भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि शेवटी जावयाकडे पाहिलं. "मग काय करणार हो जावईबापू? थोरल्या घड्याळात जागाच नव्हती. तिथं तुमचा होता ना आधी."

घड्याळजीनं भिंतीवरच्या थोरल्याकडे पाहिलं. मग घड्याळजीला असं हसू फुटलं की खालच्या मजल्यावरचे भाडेकरूही थरथरायला लागले. सासूबाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. चोर चोर मावसभाऊ म्हणतात. इथं तर सासू आणि जावई एका लंबकावर झुलत होते.

हसणं ओसरलं. सासूबाईंनी डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "ते जाऊ दे. आरसा कधी पाहिलात?"

घड्याळजी पेटीचं दार लावायला लागला.

"बूड कधी उचललंत?"

"पट्टा म्हणतो—"

"पट्टा घड्याळाच्या बुडाचं सांगतो. तुमच्या कोण सांगणार?"

तो आत गेला. खुर्चीवरून पलंगावर जाताना त्याला पहिला धक्का बसला. पूर्वी चिमणीसारखा उडी मारून जायचा. आज हात थरथरले, कोपर दुमडलं, कसाबसा पलंगाच्या कडेला लागला. कुशीवर वळून त्यानं आरशावरची धूळ शर्टाला पुसली आणि आरसा मागे धरला. डाव्या बाजूच्या हाडावर नाण्याएवढा तांबडा डाग. त्यानं बोटानं दाबून बघितलं. बरी कातडी दाबली की पांढरी पडते, मग पुन्हा लाल होते. ही हटवादी, लालच राहिली. फुटली नव्हती. पण दार वाजवून उभी होती.

बाहेर सगळी घड्याळं चालू होती आणि त्याला ती एकेक करून थांबताना ऐकू येत होती.

"आई," पडद्याआडून त्याचा आवाज आला, लहान झालेला, "तांबडा डाग आलाय. तिला सांगू नका. ती शटर ओढेल."

"नाही सांगत," सासूबाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं फोन उचलून व्यायामबाईंना लावला.

"आई! सांगू नका म्हणालो ना?"

"बायकोला नको म्हणालात. व्यायामबाईंचं नाव कुठं घेतलंत?"

सासूबाईंनी डागाचं सांगून टाकलं. फोनवरून पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "काय, दमलं का घड्याळ शेवटी?"

घड्याळजीनं उशीत तोंड खुपसलं.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," व्यायामबाई म्हणाल्या. "अहो, माणूस जांभई देतो, नाक खाजवतो, माशी हाकलतो. तुमचा हात कंगव्याच्या दातांसारखा एकसारखा! मग सासूबाईंचं चालणंही तसंच. म्हटलं, गडी स्वतः कधी सांगतोय बघू. चूक माझीही झाली, इतकं थांबायला नको होतं. डाग फुटलाय का? नाही ना? ऐका आता. त्या जागेवर अजिबात टेकायचं नाही. पालथं राहायचं. उद्या मी येते. आणि फुटला तर शटर तुमची बायको नाही, मी ओढणार."

"पण दातांच्या डॉक्टरांचं घड्याळ..." घड्याळजी पुटपुटला.

"माणूस पालथा पडून नदी पोहतो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला स्क्रू फिरवता येणार नाही?"

त्यांनी इस्त्रीचं लांब टेबल आतून ओढत आणलं, त्यावर गादी घातली, छातीखाली उशी दिली. आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना नवाच देखावा दिसू लागला: घड्याळजी टेबलावर सुसरीसारखा पालथा, डोळ्याला भिंग, पुढ्यातल्या फळीवर उघडलेली घड्याळं. सासूबाई दारात बसून प्रत्येकाला सांगायच्या, "घड्याळजी पालथे आहेत, घड्याळं तेवढी सुलटी ठेवा." आणि मनात आलं की,

"पालथा निजे घड्याळजी, सुलटी त्याची घड्याळं,
बसल्या जागी उगवलं तांबडं गं आभाळ."

दोन्ही पट्टे लंबकांवरून उतरून मनगटांवर आले. थोरल्या घड्याळाला घड्याळजीनं थोड्या थोड्या वेळानं एक ठोका पडेल अशी कळ बसवली. ठोका पडला की सासूबाई गुडघ्यांना शिव्या देत गल्लीच्या टोकाकडे निघायच्या, आणि घड्याळजी टेबलाच्या पायाला बांधलेलं रबर ओढायचा. पहिल्या दिवशी खांदे पेटले. दोन-चार दिवसांनी नुसते धुमसायला लागले. बायको संध्याकाळी यायच्या आधी टेबल आत, गादी आत, आणि घड्याळजी पलंगावर कुशीला: "आज जरा लवकर आडवा झालो गं."

सगळं सुरळीत चाललं असतं. पण घाबरला की कसबी माणूससुद्धा कसब विसरतो. पट्टा काढला, तेव्हा उतरवलेला गोळा पुन्हा वर चढवायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. लंबक आता जड चालीनं डुलू लागला. थोरलं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडत होतं. आणि बायको रोज पहाटे त्याच घड्याळावर भरवसा टाकून निघत होती.

एके दिवशी भर दुपारी शटरपाशी खाकी कपडे दिसले.

"आज डेपोत," बायको आत येत म्हणाली, "माझी बस माझ्याशिवाय हॉर्न वाजवत होती. साहेब विचारतात, उशीर का? मी म्हटलं, शक्य नाही, घड्याळजीची बायको आहे मी! सगळे हसले. घड्याळजीच्या घरचं घड्याळ मागे—"

इथं तिचं वाक्य तुटलं. नवरा टेबलावर पालथा होता. त्याच्याशेजारी दातांचे डॉक्टर आपल्या घड्याळाची वाट बघत उभे होते. आई दारातून हळूच सटकत होती.

"आई, थांब. हे काय आहे?"

"मी चालायला चाललेय. ठोका पडला ना."

बायकोनं थोरल्या घड्याळाची काच उघडली. यंत्रांशी तिचा रोजचाच संसार. तिनं खाली उतरलेला गोळा पाहिला, दांडीवर पट्ट्याचा घासल्याचा माग पाहिला. "माझी बस उभ्या उभ्या मागे जात नाही," ती थंडपणे म्हणाली. "कुणीतरी ब्रेक सोडलेला असतो. कुणी सोडला?"

घड्याळजीनं सगळं सांगितलं. लंबक, पट्टा, रिबीन, धुळीचा आरसा. मध्ये मध्ये सासूबाई "माझाही होता" म्हणून आपला वाटा उचलत होत्या. बायकोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शटर ओढायचा लोखंडी आकडा भिंतीवरून काढला.

"ओढ," घड्याळजी म्हणाला. हसणं, कोट्या, काही नव्हतं आता त्या आवाजात. "तुझं बरोबर आहे. पण आधी बघ. मला स्वतःला बघायचा धीर झाला नाही आज."

बायकोनं आकडा खाली घेतला. मग डॉक्टरांकडे वळली. डॉक्टरांनी आधीच पाठ फिरवली होती. "मी तोंडापलीकडचं काही बघत नाही," ते भिंतीला म्हणाले.

तिनं टेबल पडद्याआड ओढलं, डाग पाहिला. अंगठा टेकवला, दाबला, उचलला. बाहेर सगळी घड्याळं चालली होती, तरी घड्याळजीला त्यातलं एकही ऐकू येईना.

"पांढरं पडलं," बायको म्हणाली. पुन्हा दाबून बघितलं. "आणि मग गुलाबी. फिकं झालंय."

त्यानं कपाळ उशीवर टेकलं. तिनं आकडा परत भिंतीला लावला, पण जाताना त्याच्या डोळ्यावरचं भिंग अलगद काढून खिशात टाकलं.

"अगं, भिंग! भिंगाशिवाय मी काय करू?"

"शटर नाही ओढत. पण आता मी पट्ट्यावर विसंबणार नाही. डाग पुरता जाईपर्यंत सकाळी आईसमोर आरसा बघायचा, मग ती भिंग देईल. डाग गेला, तू खुर्चीवर बसलास, की भिंग माझ्या बसमध्ये. सकाळच्या फेरीला मी गल्लीच्या टोकाच्या थांब्यावर येते. तिथवर खुर्ची स्वतः ढकलत ये आणि घेऊन जा. आई सोबत चालेल. तुम्ही दोघं आला नाहीत तर भिंग दिवसभर माझ्याबरोबर शहर बघेल."

"आणि बस थांबली नाही तर?"

"माझी बस वेळेवर थांबते. घड्याळ नीट लाव म्हणजे झालं."

डाग गेला. व्यायामबाईंनी स्वतः तपासला, आणि पट्ट्याचे आकडे बघून समाधानानं मान हलवली. आकडे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी, रेघ वेडीवाकडी. मध्येच भुईसपाट, मध्येच उंच, एके ठिकाणी नुसतीच गिचमिड. "ही माशी हाकललेली दिसते," त्या म्हणाल्या. "हा माणूस खरा."

आणि त्या सकाळी घड्याळजी पहिल्यांदा उतार उतरून गल्लीला लागला. हातांनी चाकं पुढे लोटायची, जरा थांबायचं, दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, पुन्हा लोटायचं. शेजारी सासूबाई गुडघ्यांची अख्खी वंशावळ उद्धारत चालल्या होत्या. थांब्यावर पोचले तेव्हा घाम त्याच्या कानामागून ओघळत होता. या वेळी घाम घड्याळाला नव्हता.

बस आली. बायकोनं खिडकीतून हात बाहेर काढला. तळव्यात भिंग.

"उशीर केलास."

"तूच लवकर आलीस."

"कुणाचं घड्याळ बरोबर ते घरी ठरवू." मागचे प्रवासी खिडक्यांतून माना काढून बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. तिनं काचेवर पाणी सोडलं आणि वायपर सुरू केला. तो मोठ्या काचेवर इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलू लागला. संथ, एकसारखा, ना थकवा, ना तक्रार.

बस निघून गेली तरी घड्याळजी त्या दिशेला बघत राहिला. मग त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. त्याही तिकडेच बघत होत्या.

"काय झालं आई?"

"कुठं काय," सासूबाई परतीच्या वाटेला वळत म्हणाल्या. "मी बघून ठेवलाय तो. फार उंच आहे, जावईबापू. हात पोचत नाही."